माईंच्या डोक्यावर एक वीत

वर

ठक.

हा आवाज सूनबाईच्या कपाळाचा. त्यानंतर जी शांतता पसरली, ती बाकीच्या चौघांची: माई, अण्णा, त्यांचा मुलगा आणि सुतार. चौघंही नव्याकोऱ्या खोलीत ताठ उभे होते. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ती मात्र कपाळ धरून वाकली होती आणि डोळे मिटूनच म्हणत होती, "छान आहे हं. खरंच छान."

डोळे मिटायला नवऱ्यानंच सांगितलं होतं. सरप्राइज होतं ना.

"उघड आता," तो पडेल आवाजात म्हणाला.

तिने उघडले. डोळ्यांसमोर तुळई होती. अगदी समोर.

खाली, पण आधी

घर बुटक्यांचं. माई बुटक्या, अण्णा त्यांच्याहून बोटभर उंच, आणि मुलगा दोघांवर गेलेला. घरात एक लाकडी स्टूल होतं. दिवा बदलायचाय, पंखा पुसायचाय, वरच्या फळीवरचा डबा हवाय, की त्याला हाक. अण्णा त्या स्टुलाला 'थोरले' म्हणायचे. "थोरल्यांना विचारा," म्हणायचे, "त्यांच्याशिवाय या घरात कुणाचा हात पोचतो?"

मग मुलानं लग्न केलं आणि आणली ती ताडमाड मुलगी. पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवरून, टाचासुद्धा न उचलता, एक डबा काढला. तो तिथे आहे हे माईही विसरल्या होत्या. आत बटणं निघाली, कुठल्या काळातल्या कुठल्या सदऱ्यांची कोण जाणे.

"वरचं जग कसं आहे गं?" माईंनी विचारलं.

"धुळीचं," सून म्हणाली.

दोघी पोट धरून हसल्या. थोरले त्या दिवसापासून कोपऱ्यात निवृत्त झाले, आणि संध्याकाळचा चहा दोघींचा झाला. ओट्याशी उभं राहून, माई मान वर करून बोलायच्या, सून मान खाली घालून उलट उत्तरं द्यायची. अण्णा ऐकायचे ते अर्धं, मुलगा ऐकायचा ते मोबाइलचं. माईंना इतक्या वर्षांनी तोंडाला तोंड देणारं माणूस मिळालं होतं.

पण झोपायची खोली एकच, ती माई-अण्णांची. नवी जोडी बैठकीतल्या सोफ्यावर. सोफा उघडला की पलंग, आणि पलंगाबाहेर सुनेचे पाय. सकाळी दारावरची घंटा वाजली की आधी पाय आत घ्यायचे, मग दार उघडायचं.

एक दिवस मुलगा म्हणाला, "माई, आम्ही भाड्याचं घर बघितलंय. शहराच्या त्या टोकाला. महिनाअखेर घरमालकाला कळवायचंय."

माईंनी चहाचा कप होता तिथेच ठेवला.

"भाड्याचं कशाला?" त्या म्हणाल्या. "माळा आहे की आपला."

वरून खाली

माळ्यावर काय होतं? जे लागत नाही आणि टाकवतही नाही, ते. पाळणा. कुलपं हरवलेल्या किल्ल्या. किल्ल्या हरवलेली कुलपं. अण्णांचा व्यायामाचा पट्टा, ज्यातून आता अण्णांची एक मांडीच गेली असती. बिनझाकणांची भांडी, बिनभांड्यांची झाकणं. सगळं खाली आलं आणि बैठकीत नातेवाइकांसारखं ठाण मांडून बसलं.

सून कामासाठी काही आठवडे परगावी गेली होती. तेवढ्यात उरकायचं, आणि आल्यावरच तिला दाखवायचं, असं ठरलं.

सुतार माईंनी स्वतः निवडला. पहिले दोघे त्यांच्या डोक्यावरून अण्णांशी बोलले, ते गेले. तिसरा डोळ्याला डोळा भिडवून बोलला. माईंना माणूस एकदम पसंत पडला. त्याचे डोळे मुळात त्यांच्याच उंचीवर होते, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

"या आडव्या तुळया बघितल्या?" सुतार म्हणाला. "छप्पर यांनी धरलंय. यांना हात लावायचा नाही. आता यांच्याखाली जमीन कुठे टाकायची, ते सांगा. जितकी खाली टाकू, तितकं स्वयंपाकघर ठेंगणं."

माई तुळईखाली शिडीवर उभ्या राहिल्या, पायरी पायरी उतरत योग्य जागी थांबल्या. "हं. माझ्या डोक्यावर एक वीत मोकळी ठेवा. ऐसपैस होऊ दे."

"वीत कुणाची?"

"तुमची घ्या. पुरुषाचा हात, मोठी असेल."

दोघांनी हात जुळवून पाहिले. विती सारख्याच निघाल्या.

जमीन पडली, जिना लागला, कौलांखाली गुळगुळीत तक्ते बसले, छपरात खिडकी आली. अण्णा तुळयांखालून मागे हात बांधून फिरून आले. मुलानं तर उडी मारून पाहिली. "नाचता येईल इथे!" तो म्हणाला.

आणि मग सून परत आली. पुढचं ठाऊक आहेच. ठक.

जिन्यात

"दादा, तुळई थोडी तासता येईल का हो?"

"येईल की, माई. मग छप्परच खाली येईल आणि घरातल्या सगळ्यांची उंची एक होईल."

"मग जमीन खाली घ्या."

"घेतो. मग सूनबाईंचं डोकं स्वयंपाकघरात आपटेल."

"मग सूनच थोडी तासा!" खालून अण्णा.

"तुम्ही गप्प बसा हो!"

"माई, मी सांभाळून चालेन ना." ही सून, वरून. "दोन तुळयांच्या मधे तर मस्त उभं राहता येतं." ठक. "काही नाही! काही नाही झालं!"

सुतारानं तुळयांना स्पंज लावून दिला. त्यामुळे ठकचं धप झालं, एवढाच फरक. पलंगावरून खिडकीशी जायचं तर तीनदा वाकायचं, परत यायचं तर तीनदा. आठवड्याभरात सुनेची मान आखडली, आणि कपाळावरचं टेंगूळ जायचं नाव घेईना. पोरगी चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर माईंना बरं वाटलं असतं.

बोलला तो मुलगा. "माई, ते घर अजून रिकामं आहे. मी उद्या हो म्हणून कळवतो."

"माई, चूक कुणाचीच नाही," मागून सून म्हणाली. "माझ्या उंचीची आहे."

"उंचीला नावं ठेवू नकोस," माई म्हणाल्या. "आमच्या घरात पहिल्यांदाच आली आहे ती."

आणि फडकं घेऊन वर निघून गेल्या.

वर, एकट्या

त्यांना धूळ पुसायची नव्हती, चिडायचं होतं. चिडायला एकान्त लागतो. एक वीत! दीड वीत म्हणायला काय जीभ झडली असती? घरात एकुलती एक उंच मुलगी, तिच्यासाठीच खोली, आणि माप द्यायला उभं कोण राहिलं, तर मी!

रागाच्या भरात त्या खोलीत या टोकाहून त्या टोकाला तरातरा गेल्या आणि परत आल्या. पुन्हा गेल्या. मग थांबल्या. वाकल्या नव्हत्या. एकदाही.

त्यांनी हात वर केला. बोटं तुळईला लागली. स्टुलाशिवाय. जन्मात पहिल्यांदा त्यांचा हात घरातल्या एखाद्या वरच्या गोष्टीला नुसता, सहज लागला होता. त्यांनी फडकं फिरवलं. मग उगाचच पुन्हा फिरवलं.

छपरातल्या खिडकीतून रस्ता दिसत होता. आयुष्यभर माईंनी लोकांच्या हनुवट्या पाहिल्या होत्या. आज टकलं दिसत होती. समोरच्या शिंप्याला, एरवी एवढा रुबाब करतो, मधोमध बशीएवढं टक्कल होतं.

खोली मापाची होती. शिंप्यानं अंगावर बेतून शिवावी तशी. फक्त अंग दुसऱ्याचं होतं.

हा विचार डोक्यात आला आणि पाठोपाठ दुसरा, काट्यासारखा. माळ्यावर? मी? जिथे पाळणा होता, बिनझाकणांची भांडी होती, तिथे? जे लागत नाही आणि टाकवतही नाही, ते आता मी?

माईंनी तुळईवरून आणखी एकदा फडकं फिरवलं आणि त्या खाली आल्या.

खाली, खोलीत

"अहो, आपण वर राहायला गेलो तर?"

"जिवंतपणी?" अण्णा म्हणाले.

"माळ्यावर म्हणतेय मी."

अण्णांनी चष्मा काढला. "तुझे गुडघे?"

"त्यांना काय झालंय?"

"तेही खरंच. सुतारावर ओरडायला दिवसभर चढ-उतार करत होतीस, तेव्हा काही तक्रार नव्हती त्यांची."

माई पलंगाची कड चाचपत राहिल्या. "लोक म्हणतील, सून आली आणि सासूला अडगळीत टाकली."

"लोकांना वर बोलाव. चार डोकी आपटू देत," अण्णा म्हणाले. "मग त्यांना कळेल, खोली कुणासाठी बांधलीय."

खाली, ओट्याशी

सून ऐकेचना. "तुमची खोली मी घेणार नाही. माझी आई मला दारात उभं करणार नाही."

"तिला वर चहाला बोलाव. तुझ्याएवढीच उंच ना ती?"

"माझ्याहून."

"मग एकदाच येईल."

सून हसली नाही. "माई, विनोद नको. तुम्हाला खरंच वर जायचंय का? की मी जाऊ नये म्हणून?"

असा सरळ प्रश्न या घरात कुणी माईंना विचारला नव्हता. चहा उकळला, उतू जायला आला. सुनेनं गॅस बंद केला.

"तू जाऊ नयेस म्हणूनच," माई म्हणाल्या. "आधी तेवढंच होतं. मग शिंप्याचं टक्कल पाहिलं."

"काय?"

"तू गेलीस तर ते कुणाला सांगू?"

सुनेनं टेंगूळ चोळलं. मग दाराकडे वळून नवऱ्याला हाक मारली, "ए, त्या घरमालकाला फोन कर. नाही म्हणून सांग."

वर

पलंग वर चढवताना सुताराचा आणि मुलाचा श्वास खालीच राहिला. अण्णांनी खिडकीजवळची बाजू बळकावू पाहिली. ती त्यांना मिळाली नाही. तुळयांवरचे स्पंज काढायचे का, असं सुतारानं विचारलं. "राहू द्या," माई म्हणाल्या, "तिची आई यायची आहे."

पहिल्या संध्याकाळी जिन्यात चढत्या पावलांचा आवाज आला. सून एका हातात चहाचा ट्रे आणि दुसऱ्यात स्टूल घेऊन आली. पहिली तुळई, वाकली. दुसरी, वाकली. तिसरी.

"थोरल्यांना कशाला आणलंस? इथे मी काय कमी उंच आहे?"

"तुमच्यासाठी नाही आणलेत."

तिने स्टूल खिडकीशी ठेवलं आणि त्यावर बसली. माई उभ्याच होत्या. दोघींचे डोळे एका रेषेत आले. माईंना सुनेच्या भुवईतला बारीक तीळ दिसला. इतके दिवस तिथे असून कधी दिसला नव्हता.

"हं," माईंनी कप उचलला आणि खाली रस्त्याकडे बोट केलं. "आता बघ. डावीकडे. तो येतोय, टोपी घालून. काढू दे एकदा."