विक्री रद्द

डेटाबेसमधून नोंदी काढणाऱ्या माझ्या क्वेरीत दाजींनी केलेले ग्राहकांच्या शेअरविक्रीचे चाळीस व्यवहार निघाले. एकही ग्राहकाने सांगितलेला नव्हता. माझं डोकंच फिरलं. ताईच्या नवऱ्याला या शेअर दलालीच्या कंपनीत मीच चिकटवलं होतं!

तडक वर गेलो, त्यांची कॉलर धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. "अरे, ऐकून तरी घे," ते म्हणाले. मी पुन्हा आपटलं. कीबोर्डवर रक्त सांडलं, एक दात पडला. तरी माझा हात थांबेना. शेवटी तिघांनी मला ओढून बाजूला केलं.

साहेबांनी एवढंच विचारलं, "व्यवहाराचे सगळे प्रकार काढलेस, की फक्त 'विक्री'?"

त्याच रक्ताळलेल्या कीबोर्डवर मी क्वेरीतली 'फक्त विक्री' ही अट पुसली आणि क्वेरी पुन्हा चालवली. प्रत्येक विक्रीखाली पाचच मिनिटांनंतरची 'विक्री रद्द' अशी नोंद होती. दाजींनी विक्रीची चुकीची यादी सिस्टीमवर चढवून लगेच मागे घेतली होती. आमच्याकडे चुकलेली नोंद पुसत नाहीत, तिच्याखाली रद्दची नोंद करतात. 'विक्री रद्द' हा नोंदीचा प्रकार गेल्या वर्षी मीच तयार केला होता.

दाजींनी दात रुमालात गुंडाळला.

"तुझ्या ताईला सांगतो, जिन्यावरून पडलो," ते म्हणाले. "तूही तेच सांग."