दौंडहून परत आणलेली लाइट

सणसवाडीच्या कंपनीत सगळ्यांसमोर फजिती झाली, तेव्हापासून पाशामामांच्या त्या जुन्या फ्लॅशच्या लाइटी सत्यजीतच्या मनातून पार उतरल्या. कंपनीने मालाचे फोटो काढायला बोलावलं होतं. त्याने स्टँड उभे केले, छत्र्या लावल्या, कॅमेऱ्याचं बटण दाबलं. उजवी लाइट लखकन् उडाली, डावी गप्प. पुन्हा दाबलं, तरी गप्प. मग कुणी हात लावला नसताना ती आपली आपणच उडाली आणि समोरचा कामगार दचकून मागे सरला. सगळे हसले. "भाई, इसको अजायबघर में रख दो," तिथला एक साहेब म्हणाला. एका लाइटवर काम कसंबसं उरकलं, पण शिरूरला येईपर्यंत सत्यजीतचे कान तापलेले होते.

शिरूरच्या पेठेतला स्टुडिओ मुळात पाशामामांचा. सत्यजीत निमोण्याचा, बारावीनंतर त्यांच्या हाताखाली लागला. कॅमेरा कसा धरायचा इथपासून रडक्या पोराला कसं हसवायचं इथपर्यंत सगळं त्याला मामांनी शिकवलं. मामांना मूलबाळ नव्हतं. पुढे त्यांनी पाटी नव्याने रंगवली, तेव्हा आपल्या नावाशेजारी त्याचंही नाव घातलं.

"मामा, आता नव्या लाइटी घेऊ," सत्यजीत म्हणाला. "बॅटरीवर चालत्यात. वायरींचा गुंता न्हाई, ऐन वेळी दगा न्हाई."

मामा फडक्याने लाइट पुसत होते. "निम्म्या तालुक्याची लग्नं ह्या दोघींनी उजळली रं. एक जरा खोकायला लागली म्हणून दोघींना घराबाहेर काढायचं व्हय? आधी दौंडला हौसरावांना दाखव. त्यांनी हात टेकले, तर मी एक शब्द बोलणार न्हाई."

हौसराव दौंडला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर साउंडवाल्यांचे अँप्लिफायर दुरुस्त करत. त्यांनी लाइटचं मागचं झाकण उघडलं आणि आधी एका बल्बच्या वायरी टेकवून आत साठलेला करंट उतरवला. मग चष्मा कपाळावर सारून बराच वेळ आत बघत राहिले.

"करंट साठवणारा कंडेन्सर झकास हाय," ते म्हणाले. "उडवणारा भाग तेवढा गेलाय. ठेवून जा, पुढच्या आठवड्यात घेऊन जा. अजून पाच-सात वर्षं बघायला नको."

खरं तर सत्यजीतला बरं वाटायला हवं होतं. पण त्याचा चेहरा पडला.

"मामांना विचारतो आन् मग आणतो," तो म्हणाला.

"विचारा. पण घरी झाकण उघडू नका. प्लग काढला तरी आत करंट राहतो. ही तर उडतच न्हाई म्हणून सगळाच साठून बसतो. माणूस फेकला जाईल."

लाइट मोटारसायकलला बांधून तो निघाला. खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. न्हावऱ्याला चहा प्यायला थांबला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सणसवाडीचा साहेब आला, आणि अजून पाच-सात वर्षं याच लाइटी वाहायच्या या विचाराने चहा कडू लागला. शिरूरला स्टुडिओची पायरी चढताना मात्र वाक्य तोंडात तयार होतं.

"मामा, न्हाई होत म्हणाले. पार गेलीय."

मामांनी लाइट हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "कंडेन्सर तरी हाय का आत? दुसरीला लागला असता कधी."

हा प्रश्न येईल असं सत्यजीतला वाटलं नव्हतं. कंडेन्सर चांगला आहे म्हणावं, तर मामा उद्या उघडून बघणार आणि सगळंच उघडं पडणार. तो पटकन म्हणाला, "न्हाई, हौसरावांनी काढून घेतला. नुसता डबा हाय आता."

"बरं केलं. कुणाच्या तरी कामी येईल," मामा म्हणाले. त्यांनी खरंच एक शब्दही जास्त काढला नाही.

नव्या लाइटी आल्या. कामं सुटसुटीत झाली, सणसवाडीची कंपनीही पुन्हा बोलवू लागली. एका संध्याकाळी मामा ती जुनी लाइट पिशवीत घालून घरी निघाले. सत्यजीतने पाहिलं. आत करंट असतो, उघडू नका, एवढं तरी बोलायला हवं होतं. पण ते बोलावं तर बाकीचंही बोलावं लागलं असतं. माळ्यावर पडून राहील, असं त्याने मनाला समजावलं आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी रशिदामामींचा फोन आला. "सत्या, लवकर ये. ह्यांना शॉक बसलाय."

तो धावत पोचला तेव्हा मामा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. चेहरा पांढराफटक. उजव्या हाताची दोन बोटं भाजून काळी पडलेली, मनगट वाकडं झालेलं. टेबलावर झाकण उघडलेली लाइट आणि शेजारी स्क्रू ड्रायव्हर.

मामी रडत सांगत होत्या, "आतला पिवळा बल्ब अजून लागतोय, तुला शिवायला उजेड करून देतो म्हणाले. लावून बघितला, लागला. मग तो बल्ब सुटा करायला प्लग काढून झाकण खोललं. मी म्हटलं, जपून. तर म्हणाले, अगं, सत्या सांगत होता, नुसता डबा हाय. हात घातला आन् एकदम मागं फेकले गेले."

सत्यजीतने रिक्षा बोलावली, मामांना उचलून बसवलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं, तेव्हा तो तोंड उघडणार तेवढ्यात मामाच म्हणाले, "माझीच चूक. म्हाताऱ्याला नसती हौस." आणि त्यांनी सत्यजीतकडे एकदा बघून मान फिरवली.

ते बघणं सत्यजीतच्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी न राहवून तो मामांच्या खाटेपाशी जाऊन बसला.

"मामा, दौंडला हौसरावांनी..."

"कळलंय मला."

"कवा?"

"हात लागला तवाच. रिकामा डबा असा लाथ मारतो व्हय?"

सत्यजीतची मान खाली गेली. मामांचा आवाज चढला नव्हता, तेच त्याला जास्त लागलं.

"नव्याच पाहिजेत म्हणून तू हट्ट धरला असतास," मामा म्हणाले, "तर मी चार दिवस कुरकुरलो असतो आन् घेतल्या असत्या. तुला कधी अडवलं मी? माझ्याशी खोटं बोलायची पाळी आली तुझ्यावर. म्हंजी मी कोण वाटलो तुला?"

"डॉक्टरांना खरं का न्हाई सांगितलं?" एवढंच सत्यजीतने विचारलं.

"बाहेरच्या माणसापुढं काय सांगू?" म्हणून मामांनी डोळे मिटले.

मामींना मामांनी काहीच सांगितलं नव्हतं. सत्यजीत स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. मामी डाळ घोटत होत्या. त्यांचा हात थांबला.

"हे मला कशाला सांगतोस?"

"तुमाला कळायला पाहिजे म्हणून."

"का तुला झोप लागावी म्हणून?"

मामींनी ताटलीत डाळभात कालवला आणि ती त्याच्या हातात दिली. "जा, भरव त्यांना. डाव्या हातानं सांडतात. आन् रोज येत जा. मला काय बोलायचंय ते मी माझ्या सवडीनं बोलीन."

तो रोज जाऊ लागला. मामा त्याच्याकडे न बघता तोंड उघडत आणि न बोलता जेवत. मामी मात्र अधूनमधून बोलायच्या, आणि बोलायच्या तेव्हा काही राखून बोलत नव्हत्या. तो ऐकून घ्यायचा.

मनगटाचं प्लास्टर निघालं, पण दोन बोटांची जाणीव परत आली नाही. एके सकाळी मामा स्वतःहून म्हणाले, "ती लाइट घे. दौंडला जायचंय. मीही येतो."

दोघं एस.टी.ने गेले. हौसरावांनी लाइट लगेच ओळखली. "अहो, किती दिवस लावले विचारायला? तवाच ठेवली असती तर एव्हाना चालू असती." मग त्यांचं लक्ष मामांच्या हाताकडे गेलं. "हे काय झालं?"

मामा दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे बघत बसले. आता या वेळी ते आपल्याला पाठीशी घालणार नाहीत, हे सत्यजीतला कळलं.

"मी मामांना विचारलंच न्हाई," तो हौसरावांना म्हणाला. "दुरुस्त होत न्हाई म्हणून खोटं सांगितलं. कंडेन्सर काढलाय असंही सांगितलं. त्यामुळं त्यांनी हात घातला."

शेजारी अँप्लिफायर न्यायला आलेला गडीही ऐकत होता. हौसरावांनी सत्यजीतकडे असं पाहिलं, की नजर कुठे ठेवावी ते त्याला सुचेना. मग ते मामांकडे वळले. "आता काय करू? करू दुरुस्त, का मोडीत काढू?"

मामांनी लाइटवरून डावा हात फिरवला. "करा दुरुस्त," ते म्हणाले. "तिचा काय दोष हाय? वापरायची का न्हाई, ते मी नंतर ठरवीन."

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसले. वारा फार लागत होता. त्यांनी डाव्या हाताने काच ओढायचा प्रयत्न केला, ती सरकेना. सत्यजीतने वाकून बंद केली. निमोणं मागे पडलं.

"उद्या केंदूरला साखरपुडा हाय ना?" मामांनी समोर बघतच विचारलं.

"व्हय."

"किती वाजता निघायचं?"

निघायचं हा शब्द सत्यजीतला नीट ऐकू आला, पण मामाही येणार, असा त्याचा अर्थ लावायचं धाडस त्याला झालं नाही. "तुम्ही म्हणाल तवा, मामा," तो म्हणाला.

"ऊन चढायच्या आत," मामा म्हणाले, आणि त्यांनी दुखरा हात मांडीवर सावरून घेतला.