जाणाऱ्या हवेची ऊब

जागेश्वर फिटरने पत्र्याच्या नळकांड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच उभा राहिला. हवा गरम नाही, गार नाही, हवाच नाही.

"आली काय ऊब?" गिरणीमालक टेकचंद शेठनी मागून विचारलं.

"येऊन राहिली, शेठजी."

खोटं बोललं की जागेश्वरचे कान लाल होत. हे साऱ्या सानगडी गावाला ठाऊक होतं.

एकोणऐंशी सालचा पौष. आभाळ आठवडाभर भरलेलं, म्हणून उकडलेलं धान अंगणाऐवजी सुकवणीच्या खोलीत पसरलं होतं. भुशाच्या भट्टीने खोली तापायची आणि बाया पायांनी धान फिरवायच्या. ऊब पळते म्हणून शेठनी खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या. मागच्या वर्षी कोंडलेल्या वाफेत गोदावरीबाई धानावरच कोसळली. तिला बाहेर काढलं, तोंडावर पाणी मारलं, आणि खिडक्या होत्या तशाच राहिल्या. जागेश्वरची बायको सुशीला त्याच खोलीत कामाला. त्या दिवसापासून त्याच्या जिवाला चैन नव्हती.

शेवटी त्याने युक्ती काढली. भिंतीबाहेर पत्र्याची पेटी, तिच्यात पातळ पत्र्याच्या नळ्या. कोंदट हवा त्या नळ्यांतून बाहेर जाईल. पंखा बाहेरची ताजी हवा त्याच नळ्यांना घासत आत ढकलेल. जाणारीने आपली ऊब येणारीला देऊन जायचं, बस. शेठची अट एकच होती. रोज चाळीस टोपली भुसा लागतो. एक्केचाळिसावं टोपलं भट्टीत गेलं, की पत्रे भंगारात आणि भोकं बंद.

आणि आता अकरा वाजताच तुलाराम भट्टीवाला ओरडला, "मिस्त्री, तीस झाले! धान तं अजून ओलंच हाय!"

"उतरव तुझा खटारा," शेठ म्हणाले.

जागेश्वर धावतच खोलीत शिरला. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. तो स्टुलावर चढला आणि हवा बाहेर जायच्या तोंडाशी हात नेला. तिथे बारदाना होता, नीट घडी घालून घट्ट कोंबलेला.

"हे कोनं कोंबलं?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सुशीला पुढे आली.

"म्या. गरम हवा भसाभसा बाहेर जाऊन राहिली होती. आज तुमची परीक्षा. म्हटलं, ऊब वाया नाही गेली पायजे."

जागेश्वरला रागवायचं होतं, पण हसू फुटलं. आठ वर्षं फट उघडी राहिली म्हणून शेठची बोलणी खाल्लेला हात. तो दुसरं काय करणार?

"अवं, ते जाईन तेव्हाच तं दुसरी येईन!"

त्याने बारदाना ओढला. पंख्याचा आवाज एकदम मोकळा झाला. बाहेर पत्र्याच्या पेटीतून पाणी ठिबकू लागलं, मग त्याची धार लागली. शेठनी निघणाऱ्या हवेत हात धरला.

"हे तं गार हाय!"

ते आत धावले आणि येणाऱ्या हवेत हात धरला. "आन हे गरम!" विश्वास बसेना म्हणून पुन्हा बाहेर. साठीचे शेठ, धोतराचा सोगा हातात धरून, पाच वेळा आत-बाहेर पळाले. जागेश्वरला आनंदाने काही सुचेना. तो तुलारामच्या पाठीवर नुसत्या थापा मारत होता.

दोन वाजता छत्तिसाव्या टोपल्यावर धान सुकलं आणि जेवणाची सुट्टी झाली.

रोज सुट्टी झाली की बाया दार लोटून बाहेर पडत आणि घोटभर हवेसाठी अंगणात तोंड उघडून उभ्या राहत. आज दार उघडलंच नाही. शेठना मागच्या वर्षीची गोदावरीबाई आठवली आणि त्यांचा चेहरा उतरला. ते धावले, दार ढकललं.

बाया गोल करून बसल्या होत्या, शिदोऱ्या उघडून.

"बाहेर काहून नाही आल्या?"

"बाहेर लय थंडी हाय, शेठजी," सुशीला म्हणाली.

शेठ उंबरठ्यावरच थांबले. त्यांनी एक खोल श्वास घेतला, मग आणखी एक. मग चपला काढून आत आले.

"सरक वं," गोदावरीबाई शेजारणीला म्हणाली. "शेठजीले बसू दे."