माईंचा मध आणि माझी जीभ

पोस्टमनने वाटी चाटूनपुसून रिकामी केली, तेव्हा अख्खा हॉल रडत होता.

फर्निचरच्या गोदामामागचा तो लांबट हॉल. प्लास्टिकच्या दीडशे खुर्च्या आणि त्यांच्यावर दोनशे माणसं. कुणाच्या डोक्यावर लोकरीची टोपी, कुणाच्या रुमाल, कारण खाली केस उरलेले नव्हते. त्या म्हाताऱ्या, निवृत्त पोस्टमनला त्याच्या मुलाने जवळजवळ उचलूनच आणलं होतं. बारा दिवस पाण्याच्या घोटापलीकडे त्याच्या घशाखाली काही उतरलं नव्हतं. पांढऱ्या ॲप्रनमधल्या माईंनी त्याच्या जिभेवर चमचाभर मध सोडला, त्याची हनुवटी धरली आणि डोळे मिटून घेतले.

"भूक मेलेली नाही," माई म्हणाल्या. "भूक रुसलीय. तिला सुया टोचल्या, तिच्यावर किरण सोडले, मग रुसेल नाही तर काय करेल? मी तिची समजूत काढते. ये गं बाई, ये. घरी ये."

भुकेला घरी यायला बरोबर तीन मिनिटं लागली. आधीच्या दोघांच्या वेळीही तीनच लागली होती. मग माईंनी पांढऱ्या सुपाची वाटी पुढे केली आणि पोस्टमन घटाघट प्यायला.

"पाहिलंत ना वहिनी?" माझी नणंद डोळे पुसत म्हणाली. "म्हणून म्हणत होते, दादाला इथे आणा."

मी रडत नव्हते. मी सूप बघत होते. मैदा नीट भाजला नव्हता, गुठळ्या तशाच होत्या आणि वर सायीसारखा थर धरला होता. माझ्या हाताखालच्या कुणी असं सूप केलं असतं, तर मी पातेलं त्याच्यासमोर मोरीत रिकामं केलं असतं.

बावीस वर्षं मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण आहे. रोज तीनशे चाळीस मुलं जेवतात. भाजी बघून नाक मुरडणारी कार्टी दुसऱ्यांदा वाढून मागतात. परत येणारी ताटं मी मोजते, आणि ती मोजायला एका हाताची बोटं पुरतात. एवढा मोठा तोरा असलेल्या बाईच्या घरी मात्र दीड महिना रोज एकच ताट भरलेलं परत येत होतं. माझ्या नवऱ्याचं.

हे रंगारी. अर्ध्या शहराच्या भिंती यांनी रंगवल्यात. घशाला कॅन्सर निघाला, रेडिएशन सुरू झालं, जोडीला दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. मी पदर खोचला. दुप्पट मसाले, कुरकुरीत तळलेले मासे, वाफाळतं मटण. जे जे म्हणून यांना आवडायचं ते. हे दोन घास चिवडायचे आणि म्हणायचे, "छान झालंय गं. पण आता नको."

हॉस्पिटलमध्ये आहार सांगणारी एक मुलगी होती, जेमतेम पंचवीस-सव्वीसची. तिने मला एक छापील कागद दिला होता. काय, कसं, किती गरम, किती थोडं. मी तो न वाचताच पर्समध्ये कोंबला. ही मला स्वयंपाक शिकवणार? माझ्या चमच्यापेक्षा हिचं वय कमी!

तर आता त्या हॉलमध्ये यांचा नंबर आला. माईंनी यांच्या गालाला हात लावला आणि विचारलं, "बाळा, कुठे दुखतं रे?"

बावन्न वर्षांच्या माणसाला बाळा! आणि त्या माणसाचे डोळे भरून आले. यांनी तोंडाकडे बोट केलं. मध, तीन मिनिटं, मग सूप. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या नवऱ्याने ते गुठळ्यांचं सूप दोन वाट्या खाल्लं.

नणंदेने माझा दंड दाबला. "बघा, कसा जेवतोय!"

मी बघत होते. त्याचा आनंद व्हायला हवा होता, हे मला कळतं. पण पोटात नुसता जाळ झाला होता. परक्या बाईच्या हातचं खारटही नाही, गोडही नाही, आणि हा माणूस मिटक्या मारतोय! तो मरणाच्या दारातून मागे फिरत असेल तर फिरू दे, पण माझ्या ताटाकडे फिरू दे, असं मला वाटलं. लाज वाटते लिहायला, पण तसंच वाटलं.

माईंनी मधाची छोटी बाटली आणि पांढऱ्या पावडरचा डबा घरी दिला. "पावडर रोज सुपात घालायची. मध फक्त रुग्णाने घ्यायचा. निरोगी माणसाने चाखला तर गुण जातो."

पुढचे दहा दिवस घरात माईंचंच राज्य होतं. हे बाटली शर्टाच्या खिशात ठेवायचे, माझ्या स्वयंपाकघरात नाही. खाणं वाढलं. चेहरा भरला, गाल गोल झाले. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय तब्येत सुधारलीय!" नणंद रोज विचारायची, "आज दादाने किती वाट्या घेतल्या?" आणि मी मैद्याच्या गुठळ्या मोडत उत्तर द्यायचे. मात्र हात-पाय काटकीचे काटकीच होते. जिना चढताना हे कठड्याला लटकायचे आणि सारखे पाणी मागायचे. ते कुणी बघत नव्हतं. मीही बघत नव्हते. मी फक्त त्या बाटलीकडे बघत होते.

अकराव्या दिवशी हे म्हणाले, "परवाचं सलाईन नाही घेणार मी. माई म्हणाल्या, ते विष आणि हा मध एकत्र नांदत नाहीत."

"अहो, डॉक्टरांना विचारलं का?"

"डॉक्टरांनी मला जेवायला घातलं का?" हे म्हणाले. "आणि तू तरी घातलंस का?"

ते शेवटचं वाक्य काळजात रुतलं. दुसऱ्या दिवशी हे अंघोळीला गेले असताना मी खिशातून बाटली काढली. यांच्या काळजीपोटी काढली असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला पाककृती हवी होती. वेलची असेल, आलं असेल, एखादी मुळी असेल. एकदा जिभेवर घेतलं की ओळखेन आणि मग माईंपेक्षा चांगलं करून दाखवेन, हा एकच विचार. बोटभर मध जिभेवर घेतला, बाटली जागेवर ठेवली आणि तडक शाळेत गेले.

मध साधाच होता. मागे किंचित कडसर काहीतरी. रस्ता ओलांडेपर्यंत जिभेचं टोक गेलं. म्हणजे होतं, पण माझं नव्हतं. कॅन्टीनमध्ये पोचले तेव्हा टोमॅटो सूप उकळत होतं. चमचाभर चाखलं, मीठ लागेना. आणखी घातलं. तरी लागेना. आणखी एक मूठ.

पहिल्या पंगतीलाच चौथीच्या पोरांनी फुर्रर्र करून सूप परत ताटात सोडलं. मुख्याध्यापिका स्वतः वाटी घेऊन आल्या. "बाई, हे काय आहे? समुद्र?"

आयुष्यात पहिल्यांदा तीनशे चाळीस ताटं परत आली. मी मोरीपाशी उभी राहून जिभेला चिमटा काढला. दुखलं नाही. आणि एकदम आठवलं, हे असं मला आधी एकदा झालं होतं. अक्कलदाढ काढली तेव्हा.

धावत घरी गेले. दार उघडताच खोकला ऐकू आला. हे टेबलाला धरून वाकले होते, चेहरा जांभळा, शर्टावर सूप. घास अन्ननलिकेत गेला की श्वासनलिकेत, ते यांना कळलंच नव्हतं. पाठीत थापट्या मारमारून तो घास बाहेर काढला आणि बाटली व डबा पिशवीत टाकून यांना रिक्षातून थेट हॉस्पिटलमध्ये नेलं.

नर्सने बोटाला सुई टोचून साखर तपासली. यांना कधीच मधुमेह नव्हता, आणि साखर तिप्पट. डॉक्टरांनी यांचा गोल चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. "स्टेरॉइडच्या गोळ्या कुणी दिल्या?"

"कुणी नाही," हे म्हणाले.

मी बाटली आणि डबा टेबलावर ठेवला. आहारवाली ती मुलगीही तिथेच होती. मी तिला जीभ दाखवली, खारट सुपाचं सांगितलं. ती हसली नाही. तिने बाटलीचा वास घेतला आणि डॉक्टरांकडे बघितलं. दोन्ही वस्तू तपासणीला गेल्या.

मग तिने यांना विचारलं, "काका, तोंड उघडता?"

यांनी उघडलं. मी पहिल्यांदा आत बघितलं. जीभ, गाल, टाळू, सगळं सोललेलं. लालभडक, वर पांढरे चट्टे. त्या जखमांवर मी दीड महिना तिखट आणि वाफाळतं जेवण ठेवत होते.

"अहो, सांगितलं का नाहीत?"

हे म्हणाले, "तू इतक्या हौसेने करायचीस. जळजळतं म्हणून कसं सांगू? माईंनी विचारलं, म्हणून त्यांना सांगितलं."

माईंचा हेवा मी आजवर ज्या ज्या गोष्टीसाठी केला, त्यातली हीच एक खरी होती. त्यांनी विचारलं होतं. मी वाढत राहिले.

"यासाठी बधिर करणारं औषध आमच्याकडेही आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मोजून, कितीदा ते सांगून, आणि घसा बधिर असताना घाईने गिळायचं नाही ही ताकीद देऊन. मला फक्त सांगायला हवं होतं."

अहवाल आला. मधात हिरडी बधिर करायचं जेल. पावडरीत मैदा, साखर आणि स्टेरॉइडच्या कुटलेल्या गोळ्या. स्टेरॉइडने भूक खवळते, अंगात पाणी साचतं, चेहरा सुजतो, आणि लोक म्हणतात तब्येत सुधारली. डॉक्टर प्रसंगी ते देतात, पण साखर बघून, दिवस मोजून. इथे मात्र माईंकडे जाऊन आलेल्या पाच जणांच्या वाढलेल्या साखरेचा आणि श्वासनलिकेत अन्न जाऊन दोघांना झालेल्या न्यूमोनियाचा हिशेब कुणी मांडलाच नव्हता.

माईंच्या पुढच्या बैठकीला मी आणि आहारवाली ती मुलगी बर्फाचा डबा आणि वाण्याकडचा मध घेऊन गेलो. डॉक्टरांनी कळवल्यावरून आलेला औषध खात्याचा अधिकारी साध्या कपड्यांत मागच्या रांगेत बसला. तीन रुग्णांचं झालं आणि मी उठले.

"माई, हा मध मंतरलेला आहे ना? मग बाजारच्या मधापेक्षा वेगळा असणार. बघू या का?"

"निरोगी माणसाने चाखायचा नाही!" माई कडाडल्या.

"गुण जाईल तो माझा जाऊ दे," पोस्टमनचा मुलगा उठला. त्याच्या वडिलांना त्याच आठवड्यात न्यूमोनियाने दवाखान्यात ठेवलं होतं. त्याच्यामागे आणखी पाच जण आले. तिघांच्या जिभेवर माईंच्या टेबलावरच्या बाटलीतला मध, तिघांच्या जिभेवर वाण्याकडचा. कुणाला कुठला ते सांगितलं नाही. तीन मिनिटं थांबलो. मग प्रत्येकाच्या जिभेवर बर्फाचा खडा.

तिघं "हाय हाय" करत नाचले. उरलेले तिघं खडा तोंडात धरून ढिम्म उभे. त्यातली एक शिक्षिका होती. ती बोलायला लागली आणि शब्द घरंगळले. "माझी दीभ... माझी दीभ लागतच नाही!"

"भूक घरी आली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला.

माई हसल्या नाहीत. "तुझ्या मनात जळफळाट आहे," त्या माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या. "नवऱ्याने माझ्या हातचं खाल्लं म्हणून तू पेटलीस."

"हो," मी म्हणाले. "पेटले. अजून पेटलेलीच आहे. पण जीभ माझ्या जळण्याने बधिर झाली नाही. तुमच्या जेलने झाली."

अधिकारी पुढे आला. मागच्या खोलीत जेलच्या सत्तावीस ट्यूबा, गोळ्यांची पाकिटं आणि कॉफी दळायचं यंत्र सापडलं. माई अकरा वर्षं एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. मंत्र तिथलाच होता.

मला वाटलं होतं, लोक माझे आभार मानतील. एक तरुणी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात तिच्या आईची रिकामी वाटी. "आता माझी आई काय खाणार?" ती ओरडली. "सांगा ना! हे बंद केलंत, आता काय?"

मी आहारवालीकडे वळले. आहारवालीने तिला खुर्चीवर बसवलं. "आईंना तोंडात फोड आहेत का? वासाने मळमळतं का? सगळं लोखंडासारखं लागतं का?" एकेक विचारत गेली आणि त्या मुलीचा आवाज हळूहळू खाली आला. मी शेजारी बसून ऐकलं. दीड महिना उशिरा.

आता मी पर्समधला कागद वाचलाय. फोड असतील तर तिखट, आंबट, खारट, कुरकुरीत नको. गार किंवा कोमट, मऊ, गिळायला सोपं. घास बेताचे, दिवसातून सहा-सात वेळा. मऊ भातात नीट शिजलेलं अंडं घोटून, बटाटा दुधालोण्यात कुस्करून, केळं आणि दुधाची पावडर घुसळून, गार कस्टर्ड. धातूची चव लागत असेल तर लाकडी चमचा. फोडणीचा वास सहन होत नसेल तर त्या वेळी रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवायचं. आणि एवढ्यावर वजन टिकलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं, त्यांच्याकडे पुढचे उपाय असतात. यात चमत्कार नाही. तीन मिनिटांत काही होत नाही. हे परवा अर्धी वाटी कस्टर्ड खाऊन थांबले, आज पाऊण. सलाईन चुकलेलं नाही.

नणंद दर रविवारी डबा आणते. तिच्या हातचं कुस्करलेलं यांना माझ्यापेक्षा आवडतं. माझ्या पोटात दुखतं. दुखू दे. त्यात काय काय घातलंय ते ती मला सांगते, एवढं मला पुरतं.

तुमच्या घरी असा कुणी असेल, तर त्याच्या तोंडात चमचा जाण्याआधी विचारा, यात काय आहे. जो सांगायला नकार देतो, त्याच्या हातचं देऊ नका, मग हॉल कितीही रडत असो. उपचार बंद करा म्हणणाऱ्याला दाराबाहेर ठेवा. आणि ताट वाढायच्या आधी रुग्णाशेजारी दोन मिनिटं बसा. त्याला तोंड उघडायला सांगा आणि आत बघा.