डाव्या पायाचा खर्च

तयार सायकल घेऊन सुखी होणाऱ्यांतली ती नव्हती. तीन सायकली झाल्या, तिन्हींवर चौथ्या-पाचव्या किलोमीटरला तिची कंबर भरून यायची. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतली तिची नोकरी घरापासून नऊ किलोमीटरवर. शेवटी तिनं ठरवलं, सुटे भाग जमवून आपल्या मापाची सायकल बांधून घ्यायची आणि सगळं एका पगारात बसवायचं. आपल्या मापाचं म्हटलं की त्यात काय काय निघतं, हे शिंप्याची पोर असूनही तिला ठाऊक नव्हतं.

सांगाडा एका दुकानातून आला, चाकं दुसऱ्यातून, ब्रेक एका सहकाऱ्याच्या पडीक सायकलचे. ते ब्रेक फुकट मिळाले, पण बसवायला जे चिल्लर सामान लागलं त्यात नवे आले असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तरीही हिशेब पगाराच्या आत होता, म्हणून ती खुशीत होती.

मग सायकल जुळवून देणाऱ्या मिस्त्रीनं तिला स्टँडवरच्या सायकलवर बसवून दहा मिनिटं पायडल मारायला लावलं. गुडघ्यांकडे बघत राहिला, टेप लावला, पुन्हा लावला आणि यादी हातात दिली. यादीत पायडलच्या दांड्यांच्या दोन जोड्या होत्या.

"दोन कशाला? मला पाय दोनच आहेत."

"दोन आहेत, पण सारखे नाहीत, ताई. डावा पाऊण इंच कमी आहे. त्या बाजूला आखूड दांडा लागेल, आणि दांडा एकटा मिळत नाही, जोडीनंच येतो."

म्हणजे एका जोडीतला डावा, दुसरीतला उजवा, आणि उरलेले दोन माळ्यावर. ती हसली. एकतीस वर्षं याच पायांवर उभी होती, एका शब्दानं कधी कुणी काही म्हटलं नव्हतं.

घरी येऊन तिनं भिंतीला टेकून स्वतःच पाय मोजले. एकदा डावा कमी भरला, एकदा उजवा, तिसऱ्यांदा दोन्ही सारखे. प्रयोगशाळेत थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी बाई स्वतःच्या पायापाशी अडली. दुसऱ्या दिवशी ती आणखी एका दुकानात गेली. तिथला म्हणाला, एक जोडी पुरे, आत्ता बांधून देतो. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण त्यानं तिच्या पायांकडे बघितलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या जोडीनं पगार ओलांडला जात होता हे खरंच, पण तिला छळत होतं ते वेगळंच. आपल्याला कुणी लुबाडतंय, की आपलं शरीरच आपल्याला माहीत नाही? डोकं अगदी भंडावून गेलं.

तेव्हा ती बाबांच्या दुकानात गेली. लबाडी पकडण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कापडाचा तागा चार बोटं कमी असला तर ते दुरून सांगत. त्यांनी येऊन मिस्त्रीला सरळ करावं, एवढंच तिला हवं होतं. ते एका पँटची दुमड घालत होते. तिनं सगळं सांगितलं. ते भडकले नाहीत, हातातलं काम चालूच ठेवलं.

"किती म्हणाला?"

"पाऊण इंच."

"अर्धा," बाबा म्हणाले. "पाऊण कुठला? तू सातवीत होतीस तेव्हापासून अर्धाच आहे."

मशीन थांबलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तिच्याआधी कळलं. तिला क्षणभर वाटलं, ते कुठल्या तरी पँटबद्दलच बोलताहेत.

मग मान वर न करता त्यांनी सांगितलं. तिची प्रत्येक पँट डाव्या पायाला अर्धा इंच आखूड शिवलेली होती. दुकानातला तयार कपडा त्यांनी तिला कधी घेऊ दिला नाही, आणि ती समजत होती, बाप चिकट आहे. आईनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. पोर आज सरळ चालतेय, तिला सांगितलंत तर उद्यापासून लंगडेल. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी ते शब्दाला जागले होते. जागले होते ते आजपर्यंत, आणि आज एका चुकीच्या मापानं त्यांची जीभ सोडवली.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला ती निघाली होती. पण इथं चोर कोण, हेही तिला धड कळेना. बाबांचा राग यायला हवा होता. रडू येत होतं, पण ते कशाचं ते सांगता आलं नसतं.

"मग मी चालते कशी, बाबा?"

"आत्तापर्यंत छान चालत होतीस."

दोन्ही जोड्या सांगून टाक, एकीचे पैसे मी देतो, असंही ते म्हणाले. तिनं मान हलवली. मिस्त्री दुकान बंद करायच्या आत पोचायला हवं होतं, म्हणून ती उठली. दार चार पावलांवर होतं. बाबांनी घाईघाईनं पँट मशीनखाली सरकवली आणि तिच्याकडे पाठ केली.

ती उभीच राहिली. आधी कुठला पाय टाकायचा, ते तिला आठवेना.