पुलाखालच्या तारेतला पिवळा

मी एक जुना ट्रान्सीव्हर आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. खोडरबरापेक्षा थोडा लांब, अंगात पत्र्याचा कोट, आणि कान धरून ओढावे तसे मला ओढून काढण्यासाठी एक पिवळी कडी, एवढाच मी. मला डोळे दोन. एका डोळ्याने मी प्रकाशात बोलतो आणि दुसऱ्याने समोरून आलेला प्रकाश ऐकतो. डोळ्याने ऐकणारे कोणी असते का, असे तुम्ही विचाराल. असते. माझ्याखेरीज मला एक आई ठाऊक आहे, आणि मला सांगायची आहे ती तिचीच गोष्ट.

कारखान्यात आम्ही आठ भावंडे एकदम तयार झालो. प्रत्येकाला एकेक जुळे होते आणि प्रत्येक जोडीचा प्रकाश निराळ्या रंगाचा होता. ते रंग माणसांना दिसत नाहीत, म्हणून ओळखीसाठी आम्हाला रंगीत कड्या लावल्या. डोळ्यांवर रबरी टोपणे बसवली, कारण धुळीचा एक कणही आम्हाला आंधळे करायला पुरतो. तेव्हा मला त्या टोपणाचा रागच यायचा.

आमची रवानगी नदीकाठच्या एका केंद्रात झाली आणि आमच्या जुळ्यांची पुलापलीकडच्या टोकाला. पलीकडच्या गावाच्या फोन-इंटरनेटची सगळी भिस्त पुलाच्या पोटातून गेलेल्या, केसाइतक्या बारीक अशा काचेच्या दोन तारांवर होती. एकीतून जायचे, दुसरीतून यायचे. संध्याकाळी लोक घरी परतले की त्या बिचाऱ्या तारांच्या नाकी नऊ यायचे. नव्या तारा टाकायचे ठरले, तर पुलाचे इंजिनिअर म्हणाले, "पूल थकलाय आता. त्याला एक भोकसुद्धा पाडू देणार नाही."

त्या केंद्रात ताई काम करत. त्यांची आई पलीकडच्या गावात एकटी राहून शिवणकाम करायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती हातांनी बोलायची आणि डोळ्यांनी ऐकायची. काम आटोपले की ताई फोन कपाटाला टेकवून उभा करत आणि मायलेकींच्या गप्पा सुरू होत. आमचा खोका समोरच्याच फळीवर होता, त्यामुळे मला सगळे कळायचे. पण चित्र मध्येच अडकायचे. बोलणे तुटले तर तुमच्या कानावर निम्मे शब्द तरी पडतात. इथे हात हवेत थिजला की अख्खे वाक्यच जायचे. मग आई एक बोट गोल फिरवायची. म्हणजे, पुन्हा सांग. काही संध्याकाळी तर गप्पा कमी आणि ते बोटच जास्त.

ताईंचा मोठा भाऊ दूर शहरात होता. एके दिवशी त्याचा फोन आला. "आईला काही झालं तर आपल्याला कळणार कसं? मी रविवारी येतोय, तिला इकडेच घेऊन येतो."

"दादा, ती नको म्हणतेय रे. तिचं मशीन तिथे, गिऱ्हाइकं तिथे. शेजारच्या बायका तिच्यासाठी हातांनी बोलायला शिकल्यात."

"मग मला चित्र नीट दिसू दे. दिसलं तर मी चकार शब्द काढणार नाही."

शनिवारी दुपारी आमचा खोका उघडला. आजवर त्या तारांतून एकच प्रकाश बोलत होता. आता आम्ही आठ रंग एकाच वेळी बोलणार होतो आणि तरी कोणी कोणाच्या पायात येणार नव्हते. दोन्ही टोकांना एकेक पेटी बसवली होती. ती आमचे रंग एकत्र करून तारेत सोडायची आणि आलेले रंग वेगळे करायची. पेटीच्या प्रत्येक भोकातून त्याच्याच रंगाला वाट मिळे. पुढे भावंडे वाढतील म्हणून काही भोके रिकामीही होती. पूल न उकरता तार आठपट मोठी होणार होती!

सात भावंडांचे दिवे लागले. माझा लागला नाही. आणि नेमकी आईची गल्ली माझ्याच वाट्याला आली होती.

"पिवळा खराब दिसतोय," साहेब म्हणाले. "परत पाठवा. दुसरा येईल पुढच्या आठवड्यात."

ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी मला बाहेर काढले, डोळे पुसले, पुन्हा बसवले. अंधारच. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! शेवटी त्यांनी पलीकडच्या टोकाला तारा जोडणाऱ्या मामांना फोन लावला. मामा नात्याने कोणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना तसेच म्हणत.

"मामा, पिवळ्याची तार कुठे लावलीत?"

"जरा आखूड पडत होती गं, लोंबत होती. म्हणून जवळच्या रिकाम्या भोकात लावली. कशी सुबक बांधलीय, येऊन बघ एकदा!"

"अहो मामा, ते भोक पिवळ्याला ओळखत नाही!"

"असं होय? आम्ही आपले जन्मभर जागा दिसेल तिथे तार लावत आलो. थांब, सोडतो."

मामांनी लांब तार आणली, पिवळ्या भोकात लावली, आणि पुलापलीकडून माझ्या जुळ्याची हाक आली. माझा दिवा लागला. ताईंचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दादा आईच्या घरी पोहोचला आणि फोन स्वतःच हातात धरून बसला. ताईंनी मामांच्या सुबक बांधणीचा किस्सा हातांनी रंगवून सांगितला. आई पोट धरून हसली. बोट एकदाही फिरले नाही. दादा दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी तिचे हात पुलापार पोहोचवले. आल्यागेल्याला साहेब कौतुकाने आम्हाला दाखवत. पुढे कितीतरी जास्त रंगांची नवी मंडळी आली. आम्हाला काढून कोणीतरी स्क्रू आणि चिकटपट्ट्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकले. टोपण घालायचे कोणाच्या लक्षातही आले नाही. माझे डोळे धुळीने भरले. फार वाईट वाटायचे, मित्रांनो. ज्या टोपणावर मी रागवायचो, त्याचीच आठवण यायची.

एका संध्याकाळी नव्यांपैकी एक बंद पडला आणि आईची गल्ली अंधारली. बदलायला दुसरा नव्हता. ताईंनी ड्रॉवर उपसला. माझी पिवळी कडी दिसताच त्या म्हणाल्या, "अरे, तुझी टोपी कुठे गेली?" एकदा पुसून भागले नाही. दोनदा, तीनदा पुसले. पलीकडे माझे जुळे मात्र लख्ख होते. निवृत्त होताना मामांनी त्याला टोपण घालून, डबीत ठेवून, वर पट्टीही सुबक बांधली होती.

माझा आवाज आता क्षीण झाला होता. तरी जुळ्याने ओळखला.

पडद्यावर आई आली, केस पांढरे, हात सावकाश. ताईंनी हातांनी सांगितले, "माझी बदली झाली. तुझ्याच गावात. मी राहायला येतेय."

आईने बोट गोल फिरवले. पुन्हा सांग.

ताई घाबरल्या. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझा दिवा स्थिर होता. त्यांनी पुन्हा सांगितले. आईने पुन्हा बोट फिरवले, आणि मग तिला हसू आवरेना. तिला पहिल्याच वेळी सगळे कळले होते. तिला ते फक्त आणखी एकदा बघायचे होते.

मित्रांनो, काम झाल्यावर एखादी वस्तू बाजूला ठेवाल, तेव्हा तिचे टोपण तेवढे घाला. आणि घरात कोणी म्हणाले, पुन्हा सांग, तर वैतागू नका. सांगा.