पुसूनही परत येणारा निळा डाग

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलचा पाइप आहे. सायलेन्सर नव्हे. सायलेन्सर म्हणजे तो मागचा लांबुळका डबा. आवाज गिळून गप्प बसणं हे त्याचं काम. मी त्याच्या पुढचा, इंजिनाला जोडलेला वाकडा भाग. इंजिनात पेट्रोल जळलं की जी आग बाहेर पडते, ती सगळ्यात आधी माझ्या अंगावर येते. माझं तोंड जन्मापासून आ वासलेलं आहे. माझी हकिगत ऐकलीत की तुम्हीही म्हणाल, बिचाऱ्याचं तोंड उगाच नाही उघडं राहिलं.

पहिला धक्का जन्मतःच बसला. मी चांगला सरळमार्गी पोलादी पाइप होतो. कारखान्यात एका यंत्राने मला कवेत घेतलं आणि काही कळायच्या आत वाकवून टाकलं. मग निकेलच्या हौदात बुडवलं, क्रोमच्या हौदात बुडवलं. बाहेर आलो तेव्हा तिथल्या एका कामगार बाईंनी मला तोंडासमोर धरून कपाळावरचे केस सारखे केले. मी आरसा झालो होतो! आता आपल्याला एखाद्या दिवाणखान्यात टांगतील अशी माझी खात्रीच झाली. पण मला एका इंजिनाला जोडलं, कुणीतरी किक मारली आणि माझ्या पोटातून आग गेली. इतकं सजवायचं ते जाळण्यासाठी? मी हबकून गेलो. हळूहळू कळलं की आग माझी शत्रू नाही. मापात असली तर मला तिची सवय होते आणि तोंडाजवळ थोडासा पिवळसर सोनेरी रंग तेवढा चढतो. तो कामाचा रंग. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

माझी मोटारसायकल एका लॉन्ड्रीवाल्याने घेतली. पुढे दुकान, वर घर आणि मागे एक अरुंद बोळ. बोळात कपडे भिजवायची टाकी, वर वाळत घालायच्या तारा आणि टाकीला लागून आमची जागा. त्या घराचा धंदा डाग काढण्याचा. शाई, गंज, तेल, रक्त, लिपस्टिक, काहीही आणा, जाताना कपडा कोरा. लॉन्ड्रीवाल्याचा हात असा की डाग दिसला की तो थांबतच नसे. आणि त्या घराचा एक नियम होता. लॉन्ड्रीवाल्याच्या वडिलांनी घालून दिलेला. गिऱ्हाइकाला डाग कशाचा, हे विचारायचं नाही. डाग बघून ओळखायचा, औषध ठरवायचं, काढायचा आणि विसरायचा. म्हाताऱ्यांचं म्हणणं असं, की माणूस आपल्याकडे कपडा देतो, अब्रू नाही. एकदा कुणाच्या कॉलरवरच्या लाल खुणेबद्दल त्यांच्या नोकराने हसून चौकशी केली, तर ते गिऱ्हाईक पुन्हा त्या रस्त्याने गेलंच नाही.

नियम चांगला होता. दुकानासाठी चांगला होता, असं म्हणतो. घरात त्याने काय केलं ते पुढे सांगतो.

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची. सुट्टीच्या दिवशी लॉन्ड्रीवाला मऊ फडकं घेऊन माझ्यासमोर उकिडवा बसायचा. कपड्याची परीक्षा आतल्या शिवणीवर करतात, तसं आधी माझ्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, थोडं पॉलिश लावून बघायचा. मगच वरून हात फिरवायचा. शेजारचा चष्मेवाला म्हणायचा, "अहो, गिऱ्हाइकाला चष्मा लावून दाखवायला तुमचा पाइप द्या आठवडाभर." लॉन्ड्रीवाल्याची मान ताठ व्हायची. माझीही झाली असती, पण ती आधीच वाकवलेली.

पुढे लॉन्ड्रीवाल्याने मोटारसायकल चालवणं सोडलं. आता कंटाळा आला, एवढंच त्याने सांगितलं आणि कुणी जास्त विचारलं नाही. कपडे पोचवायचं काम त्याच्या लेकीने घेतलं. इस्त्रीच्या कपड्यांचे गठ्ठे मागे बांधायचे, वरच्या वस्तीतल्या हॉटेलाच्या चादरी पोचवायच्या आणि उताराच्या मोठ्या रस्त्याने खाली यायचं. मुलगी जपून चालवणारी होती. आमचं चांगलं जमलं.

आणि एके दिवशी मी स्वतःकडे पाहिलं तर काय! मी निळा पडलो होतो.

सोनेरी नव्हे, मित्रांनो. आधी जांभळट आणि मग निळा, एखाद्याला मुका मार लागावा तसा. मला काही सुचेना. दोष माझा नव्हता. पेट्रोल आणि हवा एकत्र होऊन ज्या रबरी नळीतून इंजिनात शिरतात, तिला खालून चीर गेली होती. त्या चिरेतून चोरवाटेने जास्तीची हवा आत शिरत होती. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की आग मापात राहत नाही. इंजिन आतून भाजून निघत होतं आणि त्याची झळ माझ्या अंगावर उमटत होती. मला बोलता येत नाही. निळं पडणं हीच माझी बोंब.

लॉन्ड्रीवाल्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. हो, उजळला! त्याला नवा डाग मिळाला होता. वाटीत पांढरी पेस्ट कालवून त्याने मला इतकं घासलं की तासाभरात मी नवा झालो. आठ दिवसांत पुन्हा निळा. पुन्हा घासला. मग लेकही घासू लागली आणि कुणाच्या हाताने जास्त चमकतो यावर बापलेकीची पैज लागू लागली. वरच्या खिडकीतून लॉन्ड्रीवाल्याची बायको म्हणाली की अशाने एक दिवस डाग राहील आणि पाइपच निघून जाईल. सगळे हसले. मी सुन्न झालो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे मी ऐकून होतो. ती पखाल आपणच होऊ असं कधी वाटलं नव्हतं.

मला भीती माझी नव्हती. अति तापलेलं इंजिन एक दिवस जागच्या जागी अडकतं आणि त्याबरोबर मागचं चाकही. त्या दिवशी गाडीवर ती मुलगी असणार होती.

तो दिवस आला. दुपार टळली होती. हॉटेलाच्या चादरी पोचवून आम्ही रिकामे परत येत होतो. मोठ्या उतारावर इंजिनाने एकदम घुसमटल्यासारखा आवाज केला आणि मागचं चाक थांबलं. फिरता फिरता चाक थांबतं, मित्रांनो! मी कधी कल्पनाही केली नव्हती. गाडी आडवी झाली, मुलगी घसरत रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली आणि मागून येणारा ट्रक तिच्या हातापासून वीतभर अंतरावरून निघून गेला. ड्रायव्हरने वळूनही पाहिलं नाही. त्याला बहुधा कळलंच नसावं.

ती उठली. कडेला बसून राहिली. तिचे दात वाजत होते. इंजिन निवलं, तिने भीतभीत किक मारली आणि ते सुरू झालं. जणू काही झालंच नव्हतं! मला इंजिनाचा इतका राग आला की सांगता येत नाही.

बोळात शिरल्यावर आता ती ओरडून सगळ्यांना गोळा करेल, असं मला वाटलं. तिने आधी वर पाहिलं, खिडकीत कुणी नाही याची खात्री केली आणि सदरा उतरवून तारेवर वाळलेला दुसरा अंगात चढवला. कोपराजवळची बाही रक्ताने भरली होती. रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं, हे त्या घरात मूल बोलायच्या आधी शिकतं. तिने गार पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, हलक्या हाताने चोळलं आणि डाग काढला. सदरा तारेवर टाकला. मग फडकं घेतलं आणि मलाही पुसलं. एका संध्याकाळी त्या मुलीने आपल्या पडण्याचे दोन्ही साक्षीदार स्वच्छ धुऊन टाकले. मी पाहतच राहिलो.

पण खरा धक्का पुढेच होता. थोड्या वेळाने लॉन्ड्रीवाला कपडे काढायला आला. सदऱ्यापाशी थांबला. डाग नव्हता, पण घाईत वाळलेल्या पाण्याची एक फिकट कडा बाहीवर गोल उमटली होती. बाकी कुणाला ती दिसली नसती. त्याने बाही डोळ्यांजवळ नेली, नाकाजवळ नेली. त्याला कळलं. रक्त होतं, लेकीचं होतं आणि तिने ते लपवलं होतं. आता हाक मारेल, आता मारेल, म्हणून मी वाट पाहत होतो. तो सदरा घेऊन आत गेला. वाफेचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा बाहीवर ती कडासुद्धा नव्हती. त्याने सदरा नीट झटकून परत तारेवर टाकला आणि वर निघून गेला.

त्याला माया नव्हती असं समजू नका. ती वाफ मायेनेच दिली होती. त्या घरात मायेची रीतच तशी होती. नंतर लेकीने सदरा काढला, बाहीवर बोट फिरवलं, तर ती वाफ दिल्यासारखी गुळगुळीत लागली. बाबांना कळलंय, हे तिला कळलं. तीही काही बोलली नाही. दोघंही एकमेकांना इतके सांभाळून घेत होते की उद्या त्यात एकाचा जीव गेला असता.

सकाळी तिला पुन्हा हॉटेलात जायचं होतं. पुन्हा तोच उतार. गठ्ठे बांधून झाले होते. लॉन्ड्रीवाला सवयीने फडकं आणि वाटी घेऊन माझ्यासमोर बसला आणि मला पाहून त्याचा हात हवेतच राहिला.

"हा काल तू पुसला होतास ना?" त्याने विचारलं.

"हो. परत आल्या आल्या पुसला. आज सकाळी सुरू होते का ते बघायला थोडा वेळ चालू ठेवली, तेवढीच काय ती चालली."

तेवढ्यानेच मी पुन्हा निळाशार झालो होतो. लॉन्ड्रीवाला माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. मग हळूच, स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "कोटाचा डाग काढला आणि तो पुन्हा वर आला, तर तो कापडावर नसतो. आतल्या अस्तरात असतो. तो आतून येत राहतो." त्याने वाटी खाली ठेवली. मला वाटलं, चला, निदान माझं तरी ऐकलं कुणीतरी. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. लेकीच्या कोपराकडे बघत होता.

"पोरी," तो म्हणाला, "बाहीवरचा डाग कशाचा होता?"

त्या बोळात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. मी तर थरारलोच. लेक इतकी दचकली की हातातली दोरी सुटली आणि वरचा गठ्ठा खाली आला.

"रक्ताचा," ती म्हणाली. "उतारावर मागचं चाक अडकलं. मागून ट्रक होता." मग तिचा आवाज फुटला. "तुम्हाला माहीत होतं, बाबा. तुम्ही वाफ दिलीत. विचारलं नाहीत."

"आपल्यात विचारत नाहीत," तो म्हणाला. ते वाक्य बाहेर पडल्यावर त्यालाच ते ऐकवेना. तो तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि त्याने तिचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवशी हॉटेलाला चादरी मिळाल्या नाहीत. हॉटेलवाला फोनवर फार बोलला. बोलू दे. गाडी ढकलत गॅरेजात नेली. मेकॅनिकने रबरी नळी काढून दोन बोटांत वाकवली, तर चिरेने एवढा मोठा जबडा उघडला. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. आणखी एकदा अडकला असता, तर सुटला नसता, असं तो म्हणाला. बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघंही माझ्याकडे पाहत होते.

नवी नळी बसली, पिस्टन बदलला, आग पुन्हा मापात आली. पाइपाला नवा मुलामा देऊ का, असं मेकॅनिकने विचारलं. लॉन्ड्रीवाला नको म्हणाला. मित्रांनो, ज्या माणसाने आयुष्यात एक डाग मागे सोडला नाही, त्याने माझ्या वळणावरचा निळा पट्टा तसाच ठेवला. तो वाढतो का, एवढंच तो रोज बघतो. वाढलेला नाही.

दुकानातला नियम अजून आहे. गिऱ्हाइकाला कुणी काही विचारत नाही. घरातला मोडला. परवाच लेक बापाची पँट टाकीत टाकता टाकता मध्येच थांबली. गुडघ्यापाशी दोन्हीकडे पिवळे, तेलकट डाग होते. पूर्वी तिने मुकाट्याने साबण लावला असता. तिने पँट तशीच हातात धरून जिन्याखालून हाक मारली, "बाबा, हे कशाचं?"

काही नाही, असं उत्तर येणार म्हणून मी धास्तावलो. मग पायऱ्यांवर पावलं वाजली. एकेक पायरी, कठड्याला धरून. इतकी सावकाश पावलं मी कधी लक्षपूर्वक ऐकलीच नव्हती.

"मलमाचं," तो म्हणाला. "किक मारायला गुडघे ऐकत नाहीत. म्हणून सोडली गाडी. कंटाळा नव्हता आला."

मी पुन्हा एकदा थक्क झालो. इतकी वर्षं तो माझ्यासमोर उकिडवा बसत होता!

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा पाइप निळा पडलेला दिसला, तर त्याला घासायला घेऊ नका. आधी आत काय जळतंय ते बघा. आणि घरात कुणाच्या बाहीवर, उशीवर, रुमालावर काही दिसलं, तर पाणी आणायच्या आधी त्यांना विचारा. डाग काय, नंतरही निघतो. लॉन्ड्रीवाल्याने आता बोळात एक स्टूल आणून ठेवलं आहे. मला पाहायला येतो तेव्हा त्यावर बसतो.